मुख्याध्यापकाची खुर्ची आणि नववीचा वर्ग

महाराष्ट्रातील बहुतेक माध्यमिक शाळांच्या कार्यालयात एक लाकडी फलक टांगलेला असतो. त्यावर शाळेच्या स्थापनेपासूनच्या मुख्याध्यापकांची नावे आणि त्यांपुढे ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन रकाने रंगवलेले असतात. कोणी बारा वर्षे खुर्चीवर होते, कोणी अकरा महिने, एवढे त्यावरून कळते. कोणाच्या काळात मुले संध्याकाळी वाचनालयात थांबू लागली आणि कोणाच्या काळात वाचनालयाची किल्ली हरवली, याची नोंद त्या फलकावर नसते. माजी विद्यार्थ्यांना मात्र ती नोंद पाठ असते. स्नेहमेळाव्यात चार जुने सोबती भेटले की ‘अमुक सरांच्या काळात’ अशीच बोलण्याला सुरुवात होते. वर्षाचा आकडा कोणी सांगत नाही. शाळेचा काळ मुलांच्या लेखी मुख्याध्यापकाच्या नावाने मोजला जातो, आणि हे मोजमाप मला फार खरे वाटते.

शाळेतील वातावरण हा शब्द आपण सैलपणे वापरतो. झाडे, रंगवलेल्या भिंती, प्रार्थनेच्या वेळची शिस्त यांनाच वातावरण समजण्याची प्रथा पडली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेतील दिवस सांगितले आहेत, ते या संदर्भात पुन्हा वाचावेत. वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून संध्याकाळी तो परत घरी आणावा लागे. तहान लागली तर शिक्षकाची परवानगी पुरत नसे. नळ सोडण्यासाठी शिपाई हजर असावा लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहावे लागे. त्या शाळेतील क्रमिक पुस्तक सर्व मुलांना एकच होते. गणिताची रीत एकच होती. तरीही दोन मुले दोन वेगळ्या शाळांत शिकत होती. शिपायाने काय करावे, पाणी कोणी द्यावे, कोणी कुठे बसावे, या गोष्टी अभ्यासक्रमात लिहिलेल्या नसतात. त्या शाळेच्या रोजच्या व्यवहारात ठरतात, आणि तो व्यवहार बदलण्याचा अधिकार त्या आवारात एकाच खुर्चीला असतो. त्या खुर्चीवरील माणसाने काही केले नाही, तरी त्याने निर्णय दिलेलाच असतो.

आज गोणपाट गेले. पण मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी बसवण्याच्या रीती गेलेल्या नाहीत, त्या फक्त वेळापत्रकात शिरल्या आहेत. जून महिन्यात मुख्याध्यापकाच्या टेबलावर तयार होणारे वेळापत्रक हा माझ्या मते शाळेतील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. गणिताचा सर्वांत जाणता शिक्षक दहावी ‘अ’ला द्यायचा की नववी ‘क’ला, इंग्रजीचा तास जेवणानंतरच्या सुस्तीत टाकायचा की सकाळी, शिक्षक रजेवर असताना बदली तासाला वर्गावर जाणाऱ्याने काही शिकवायचे की मुलांना गप्प बसवायचे, हे सारे त्या एका कागदात आणि त्याच्या अंमलबजावणीत ठरते. बहुतेक शाळांत उत्तम शिक्षक वरच्या तुकडीकडे जातो. ज्याला कमी येते त्याला नवशिका किंवा तासिका तत्त्वावरचा शिक्षक मिळतो. रुग्णालयात गंभीर रुग्ण शिकाऊ डॉक्टरकडे सोपवून सर्दी-पडशासाठी तज्ज्ञाला बोलावण्यासारखी ही रीत आहे, पण शाळेत तिला कोणी हरकत घेत नाही.

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ केनेथ लीथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. शाळेच्या हातातील घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम वर्गातील अध्यापनाचा होतो आणि त्याखालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा, असा त्याचा निष्कर्ष होता. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात आणखी एक सूक्ष्म गोष्ट पुढे आली. जो मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होतो, त्यांच्याबरोबर बसून शिकतो, त्याच्या नेतृत्वाचा परिणाम सर्वांत अधिक आढळतो. परदेशी अभ्यास आपल्याकडे जसाच्या तसा लागू करू नये हे मान्य आहे. पण ज्यांनी शिक्षकी पेशात आयुष्य घालवले त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. पाठनिरीक्षणाला येऊन मागच्या बाकावर दहा मिनिटे बसून, लॉगबुकात ‘पाठ समाधानकारक, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा मारून जाणारे मुख्याध्यापक आपण पाहिले आहेत. तोच शेरा, त्याच शाईत, मराठीच्या पाठालाही आणि भूमितीच्या पाठालाही. आणि क्वचित असेही पाहिले आहेत, जे तास संपल्यावर शिक्षकाला विचारतात, “तिसऱ्या रांगेतल्या मुलीने वहीत काहीच उतरवले नाही, तिला प्रमेय कळले नाही की दिसले नाही?” दुसऱ्या प्रकारच्या मुख्याध्यापकाच्या शाळेत शिक्षक दैनिक टाचण सहीसाठी लिहीत नाही, कारण ते कोणीतरी खरोखर वाचणार आहे हे त्याला ठाऊक असते.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहीत आहे त्याकडे वळतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. व्यवहारात त्याचे छत्र आठवीपर्यंत पुरते. नववीत पाऊल टाकणारे मूल त्या छत्राबाहेर येते, आणि नेमके तिथून दहावीच्या निकालाची सावली सुरू होते. गावाच्या चौकात शाळेचा फलक लागतो, ‘इयत्ता दहावीचा निकाल १०० टक्के’. हा आकडा कसा तयार होतो हे शिक्षण क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे, आणि त्याबद्दल बोलण्याचा संकेत नाही. नववीच्या परीक्षेत कच्ची मुले रोखली जातात. पालकांना बोलावून समजावले जाते की, यंदा दहावीला बसवण्याऐवजी दाखला न्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे मुलाचे वर्ष वाचेल. खासगीरीत्या परीक्षेला बसण्याची ही सोय शाळा सुटलेल्यांना पुन्हा आत आणण्यासाठी केलेली आहे. तिचा उपयोग आतल्यांना बाहेर काढण्यासाठी होतो. हिशोब सोपा आहे. नववीला ६० मुले होती, दहावीला त्यांपैकी ४५ बसली आणि ४५ उत्तीर्ण झाली, तर फलकावर शंभर टक्के लिहिता येते. पण ज्या साठ आईवडिलांनी विश्वासाने मुले सोपवली होती, त्यांच्या दृष्टीने त्या शाळेचा निकाल ७५ टक्के लागला आहे.

ही पंधरा मुले कोण असतात? ज्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात, ज्याने पाचवीपर्यंत तीन शाळा बदलल्या, ज्याच्या घरात मोठ्याने वाचून दाखवणारे कोणी नव्हते, असे मूल त्यांत हमखास असते. निवासी शाळेत हे दृश्य अधिक बोचरे असते, कारण तिथून मूल दप्तर घेऊन घरी जात नाही, पत्र्याची पेटी घेऊन जाते. एका संस्थेच्या वसतिगृहाच्या दारात मी असा बाप पाहिला आहे. मुख्याध्यापकांनी त्याला बसायला खुर्ची दिली होती, चहाही दिला होता. बोलणे अतिशय सौजन्याचे झाले. दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे कारण लिहिले गेले. बापाने कोणतीही विनंती केली नव्हती. त्याने एवढेच विचारले की, “पोरगं काही वंगाळ वागलं का?”

या प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अनेक प्रामाणिक मुख्याध्यापक म्हणतात की, पाया कच्चा असलेल्या मुलाला दहावीत ढकलणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा एक वर्ष थांबणे बरे. संस्थाचालक निकाल विचारतात, आणि पुढील वर्षी पाचवीत व आठवीत प्रवेश घेणारा पालकही निकालच विचारतो. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते आणि तो अतिरिक्त ठरतो. हा दाब खरा आहे. पण थांबवलेल्या वर्षात त्या मुलासाठी शाळेने वेगळे काय केले, हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. तोच वर्ग, तोच फळा, तेच पुस्तक आणि त्यात भर म्हणून लहान मुलांत बसण्याची शरम. जिथे जूनमध्येच नववीच्या प्रत्येक मुलाला मराठीचा एक उतारा वाचायला आणि भागाकाराचे चार हिशेब करायला देऊन कोण कुठे अडले आहे याची यादी केली जाते, आणि त्या यादीतील मुलांना सकाळचा पहिला तास शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक देतो, तिथे थांबवण्याची वेळ फार थोड्यांवर येते. याला अनुदान लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्याचा निश्चय लागतो, आणि अनुभवी शिक्षकाची नाराजी झेलण्याची तयारी लागते.

निवासी शाळेच्या मुख्याध्यापकाचे काम साडेपाचच्या घंटेला संपत नाही. किंबहुना त्याची कसोटी घंटेनंतर लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवली. सामाजिक समतेवर त्या मुलांनी पाठ ऐकला असेल वा नसेल, पण तो धडा त्यांनी रोज दोन वेळा गिरवला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी मुख्याध्यापक नव्हते, शिक्षक होते आणि छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, आजारी मुलांची शुश्रूषा करीत आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. नेतृत्व पदावरून येतेच असे नाही, याचे हे उदाहरण आहे. पण ज्याच्याकडे पद आहे त्याने ते कोणत्या कामात खर्चावे, याचेही आहे. आपल्या परंपरेत तर ही गोष्ट फार आधी सांगितली गेली आहे. विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या एका भिक्खूची कथा येते. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले आणि मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून विचारणा केली. संघाला विचारणा आधी झाली नाही, आधी पाणी आणले गेले. निवासी शाळेच्या प्रशासनाविषयी मला याहून नेमके मार्गदर्शन ठाऊक नाही.

स्वयंपाकघराचेच घ्या. आठवड्यातून तीन वेळा मुख्याध्यापक पूर्वसूचना न देता मुलांच्या पंगतीत बसू लागले की वरण आपोआप घट्ट होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. (स्वयंपाकी मंडळींनी रागावू नये, वरणाचे पाणी बहुधा खरेदीच्या यादीतच वाढलेले असते.) अधीक्षक रात्री वसतिगृहात खरोखर राहतात की नाही, मुलींच्या वसतिगृहाचे दार कोणाकडे आहे, नव्याने आलेल्या पाचवीच्या मुलाला मोठी मुले कपडे धुवायला लावतात का, हे दिवसा अकरा वाजता कार्यालयात बसून कळत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने, हाताखालच्या माणसाकडून घडलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंतच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे. संस्थेच्या बदनामीच्या भयाने प्रकरण आत मिटवण्याची जी वृत्ती आपल्याकडे खोल रुजली आहे, तिला कायद्याचे हे उत्तर आहे. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा महत्त्वाचे असे की, घाबरलेल्या मुलाला आपल्या शाळेत ज्याच्याकडे जाता येईल असे एक दार असावे. ते दार मुख्याध्यापकाचे नसेल, तर बहुतेक वेळा कोणाचेच नसते. आणि भयात वावरणारे मूल शिकत नाही. कितीही उत्तम फलकलेखन असो.

शिकण्याच्या वातावरणाने काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्या समाजाच्या जवळचे आहे. ते माध्यमिक शाळेचे नाही, महाविद्यालयाचे आहे, तरी इथे घेतो. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तिथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार होते. त्यांनी त्या मुलांना परीक्षेपुरते शिकवून सोडले नाही, त्यांना लिहायला, बोलायला, रंगमंचावर उभे राहायला लावले. त्या परिसरातून दलित साहित्याची चळवळ बळ घेऊन उठली, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. नागसेनवनाची जमीन काही विशेष सुपीक नव्हती. तिथे आलेल्या मुलांकडे पाहून ‘यांना झेपेल तेवढेच द्यावे’ असे न म्हणणारी माणसे तिथे प्रमुखपदी होती.

अशी माणसे आज का दुर्मीळ झाली? माणसांची जात बदलली आहे असे मला वाटत नाही. आपली निवडीची आणि वापराची पद्धत मात्र दोषास्पद आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनुसार मुख्याध्यापकपद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. ज्येष्ठतेचा नियम हा संस्थाचालकांच्या भाचे-जावयांपासून शिक्षकांना मिळालेले संरक्षण आहे, म्हणून त्याची सरसकट टवाळी करणे मला मान्य नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, उत्तम शिक्षक निवृत्तीला दीड-दोन वर्षे राहिली असताना खुर्चीवर येतो, पहिले वर्ष फाइली समजण्यात जाते आणि दुसरे निवृत्तिवेतनाची प्रकरणे जुळवण्यात. या दोन वर्षांतही त्याला शालार्थ प्रणालीवर वेतन देयके भरायची असतात, यू-डायसची माहिती, संचमान्यता, पोषण आहाराचे हिशोब द्यायचे असतात, आणि तासातासाला मोबाइलवर येणारी ‘आजच सादर करा’ अशी पत्रे असतात. वर्गावर जायला त्याला सवड नाही हे त्याचे म्हणणे खोटे नसते.

मात्र आपल्यासारख्या संस्थांना या बाबतीत एक मोकळीक आहे, जिची चर्चा समाजात पुरेशी होत नाही. बौद्ध समाज १९९३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित झाला. वर उल्लेखिलेल्या १९७७ च्या कायद्यातच अशी तरतूद आहे की, अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला त्या कायद्याचे बंधन लागू होत नाही. म्हणजे ज्या बौद्ध संस्थेकडे हा दर्जा आहे, तिला आपला मुख्याध्यापक ज्येष्ठतेच्या क्रमाबाहेर जाऊनही निवडता येतो. ही मोकळीक दुधारी आहे. तिने पस्तिशीतला, ध्यासाने भरलेला शिक्षक दहा-बारा वर्षांसाठी खुर्चीवर आणता येतो. आणि तिनेच कार्यकारिणीच्या हो ला हो म्हणणारा नातेवाईकही आणता येतो. दुसरा प्रकार अधिक घडतो, हे आपण एकमेकांत कबूल करतो आणि व्यासपीठावर टाळतो. ज्या समाजाला शतकानुशतके जन्माच्या आधारावर दाराबाहेर उभे केले गेले, त्याच्या संस्थेत पद नात्याच्या आधारावर दिले जावे, ही गोष्ट इतर कोणत्याही संस्थेतील वशिलेबाजीपेक्षा मला अधिक गंभीर वाटते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी संस्थेकडे काही मागण्या ठामपणे कराव्यात, असे सुचवतो. मुख्याध्यापकपदाची निवड कोणत्या निकषांवर झाली ते लेखी स्वरूपात शिक्षक व पालकांसमोर ठेवले जावे. उमेदवाराला मुलाखतीच्या टेबलाशी अर्धा तास बसवण्यापेक्षा दोन दिवस शाळेत ठेवावे; त्याने नववीच्या कच्च्या तुकडीवर एक तास घ्यावा, रात्री वसतिगृहात मुक्काम करावा, मुलांच्या पंगतीत जेवावे आणि दुसऱ्या दिवशी काय पाहिले ते सांगावे. जो फक्त इमारतीच्या गळतीबद्दल बोलेल आणि एकाही मुलाचे नाव सांगू शकणार नाही, त्याच्याबद्दल निवड समितीला वेगळे मत बनवावे लागणार नाही. नेमणूक झाल्यावर त्याला निदान सात वर्षे मिळावीत, आणि रोजच्या कारभारात पदाधिकाऱ्यांनी शिपायामार्फत निरोप पाठवू नयेत. शिक्षकांची बैठक महिन्यातून एकदा नेमाने व्हावी, तिच्यात परिपत्रके वाचून दाखवू नयेत. ती फळ्यावर लावता येतात. बैठकीत एका वेळी चार-पाच मुलांबद्दल, त्यांच्या वह्या समोर ठेवून, सर्व विषयांच्या शिक्षकांनी बोलावे.

वार्षिक अहवालात दहावीच्या निकालाशेजारी आणखी एक रकाना असावा. दोन वर्षांपूर्वी आठवीतून नववीत किती मुले आली, त्यांपैकी किती याच शाळेतून दहावीला बसली, आणि जी बसली नाहीत ती आज कुठे आहेत. हा रकाना भरायला सुरुवातीला संकोच वाटेल. काही वर्षे आकडा चौकातल्या फलकावर लावण्याजोगा नसेल. पालकांनी त्या काळात संस्थेच्या पाठीशी राहिले पाहिजे, आणि शेजारच्या शाळेचा शंभर टक्क्यांचा फलक पाहून मुलांचे दाखले काढायला धावू नये.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. मुख्याध्यापकाला दिवसातून दोन तास वर्गांसाठी मोकळे करायचे असतील, तर ऑनलाइन माहिती भरणारा, हिशोब जाणणारा एक पूर्णवेळ लिपिक अधिकचा हवा, आणि ते पद मंजूर होण्याची वाट पाहण्यात एक पिढी जाईल. माजी विद्यार्थी संघ दरवर्षी स्नेहमेळाव्याचा मंडप, स्मृतिचिन्हे, शाली आणि जेवण यांवर जो खर्च करतो, त्यात एका लिपिकाच्या वर्षाच्या मानधनाचा मोठा भाग निघेल. उरलेला भाग वर्गणीने उभा करता येईल. येत्या मेळाव्यात हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी मी या लेखाद्वारे संघाच्या कार्यकारिणीला विनंती करतो. माझी पहिल्या वर्षाची वर्गणी मी या लेखासोबतच संघाकडे पाठवीत आहे.